राईची होडी का रुतली?

१

शुक्रवारी सकाळी सव्वाआठ वाजता, मुख्याध्यापिका ममता मॅडमच्या देखत, राईची होडी शेवटच्या वळणावर चिखलात रुतली. एकदा नाही, सलग पाच वेळा.

होडी खरी नव्हती. तळहातावर मावेल एवढ्या यंत्राच्या चिमुकल्या पडद्यावरची होती. पण माझ्या बायकोचा, सुचेताचा, फोन आला तेव्हा तिचा आवाज ऐकून मला वाटलं, कोणीतरी खरंच बुडालं.

"अहो, शाळेत या. आत्ता."

"अगं, पण झालं काय?"

"नेत्राचा खेळ कोणीतरी बिघडवलाय. आणि मोठ्या बाई म्हणतायत, तिनेच बिघडवला."

मी शशिकांत. एसटीत एकतीस वर्षं तिकीट तपासनीस होतो. माणूस गाडीत कुठे बसलाय आणि खिडकीबाहेर किती लक्ष देऊन बघतोय, यावरून त्याच्याकडे तिकीट आहे की नाही, हे मी दारातूनच सांगायचो. निवृत्तीनंतर या कलेला गिऱ्हाईक राहिलं नाही. घरात बसून करायचं काय, म्हणून सुचेताने मला वह्या तपासायला बसवलं. ती राई गावातल्या खाडीकाठ विद्यामंदिरात गणित शिकवते. वह्यांचा गठ्ठा घरी आणते आणि संध्याकाळच्या चहाबरोबर मी तो लाल पेनाने संपवतो. पोरांना वाटतं, बाई तपासतात. खाली सहीसुद्धा सुचेताचीच, 'सु.' एवढीच, तेवढी मला जमते. परवा बुधवारीच सदतीस वह्या तपासल्या. सगळ्यांना एकसारखं तपकिरी कव्हर. कोणी शून्य खाल्लं होतं, कोणी हातचा विसरलं होतं, एकाने तर गुणून झाल्यावर तोच अपूर्णांक परत मिळवून ठेवला होता. असो.

शांती नगरहून रिक्षाने राईला पोचायला मला वीस मिनिटं लागली. सुचेता फाटकातच उभी होती.

"वही पण गेलीय," ती म्हणाली. "नेत्राची, खेळाची वही."

२

हा खेळाचा प्रकार काय, ते आधी सांगतो. मलाही तो हळूहळूच कळला.

पतंग गेम्स नावाची एक कंपनी आहे, मोबाईलवरचे खेळ बनवणारी. त्यांनी तीन शाळांना दहा-दहा यंत्रं दिली. उद्देश असा की पोरांनी खेळ नुसते खेळू नयेत, बनवावेत, आणि त्यातून संगणक शिकावा. सुचेताला चार दिवसांचं प्रशिक्षण मिळालं. पहिला महिनाभर तर कोणी यंत्राला हातही लावला नाही. मैदानात एक पोर 'संगणक' व्हायचं आणि बाकीचे त्याला हुकूम द्यायचे. 'पुढे चाल' म्हणून 'थांब' म्हणायला विसरले, की तो 'संगणक' सरळ भिंतीवर जाऊन आपटायचा. पोरं खदाखदा हसायची आणि पुढच्या खेपेला 'थांब' आधी लिहायची. मी म्हटलं, ही पद्धत आमच्या आगारात हवी होती.

मग प्रत्येक गटाने आपला खेळ आधी वहीत लिहायचा आणि नंतर यंत्रात रंगीत ठोकळे जोडून बसवायचा. कंपनीचे नियम दोनच. वही आणि खेळ तंतोतंत जुळले पाहिजेत, आणि यंत्राच्या कुलपाची खूण, म्हणजे कोणती बटणं कोणत्या क्रमाने दाबायची ते, गटातल्या एकाच मुलाने ठरवायची. ती बाईंनाही सांगायची नाही. खेळ कोणालाही खेळता येतो, पण ठोकळे बदलायला ही खूण लागते.

आठवीतल्या नेत्राचा खेळ होता 'राईची होडी'. भरतीच्या पाण्यावर होडी खाडीतून आत आणायची, ओहोटी लागायच्या आत धक्क्याला लावायची. शनिवारी तिन्ही शाळांचे खेळ परीक्षकांपुढे मांडायचे होते. जिंकेल त्या शाळेत यंत्रांची खोली वर्षभर राहणार, बाकीच्यांची खोकी भरून जाणार.

"कुलपाची खूण फक्त नेत्राला माहीत," ममता मॅडम मला म्हणाल्या. "मग दुसरं कोण करणार? त्या कॉम्प्युटर क्लासवाल्या अल्पेशने तिला फुकट क्लास देऊ केला होता, तेही मला कळलंय. वही पण त्यालाच दिली असेल. उद्या सकाळपर्यंत वही आली नाही तर मी तिचं नाव काढणार. शाळेची बेअब्रू नको. आणि तोवर त्या यंत्राला कोणीही हात लावायचा नाही."

"पण मोठ्या बाई, तिचं नाव काढलं तर खेळच राहात नाही," सुचेता म्हणाली.

"नाही राहिला तर नाही राहिला."

सुचेताने मला वर्गातल्या संगणकावर खेळाचे ठोकळे दाखवले. एकशे बारा ठोकळ्यांपैकी एकच बदलला होता. तिथे पंचेचाळीसचा आकडा होता, आता शून्य होतं. बदलाची वेळ समोर लिहिलेली होती: गुरुवार, संध्याकाळचे पाच वाजून दहा मिनिटं.

"हा ठोकळा कशाचा?"

"पाण्याच्या वेळेचा काहीतरी आहे. नेत्राने आजीला विचारून घातलेला. खरं सांगू? मला नीट माहीत नाही," सुचेता ओशाळून म्हणाली.

नेत्रा शेवटच्या बाकावर बसली होती. मी शेजारी बसलो.

"बाळ, तू केलंस?"

"माझंच चुकलं, काका."

"काय चुकलं?"

ती गप्प. वही कुठे आहे विचारलं, तरी गप्प. ती खिडकीबाहेर बघत नव्हती. ती सुचेताकडे बघत होती. विनातिकीट माणसाचा चेहरा मला पाठ आहे, तो हा नव्हता. तिकीट खिशात असून न दाखवणारे प्रवासी एकतीस वर्षांत मला दोनच भेटले. दोघेही शेजारच्याला वाचवत होते.

३

तपास म्हणजे शेवटी काय, प्रत्येकाला विचारायचं, कुठे चढलास आणि कुठे उतरलास.

काशीनाथ शाळेचा शिपाई. राईचाच. खोलीची किल्ली त्याच्या कमरेला असते.

"काल शेवटी कोण होतं खोलीत?"

"नेत्रा. दुसरा कोन न्हाय. गटातली बाकीची दोघा तापानी घरा हायेत. सवापाचला मी बोललू, चल गो, कुलूप लावाचा हाय. ती बोलली, काका, पाच मिंटा. मी बोललू, न्हाय, उद्या ये. मंग गेली."

"काय करत होती?"

"त्या मशीनवं होडी चालवीत व्हती आनि मंग वही घासत व्हती. बाकावं ह्यो सगला चुरा. लाल लाल. झाडू कोनी माराचा? मीच ना?"

"यंत्र तू उघडू शकतोस?"

"सायेब, मला माज्या पोराचा फोन उघडत न्हाय."

कंपनीचा पराग अकराला आला. पंचविशीतला, पाठीवर बॅग, कपाळाला घाम. त्याच्याकडे सगळी यंत्रं उघडणारी एक खूण असते, हे त्याने स्वतःच सांगितलं.

"पण काका, ते मशीन हातात असल्याशिवाय उघडत नाही. आणि काल मी साडेचारलाच निघालो इथून. घोडबंदरच्या शाळेत पाचला सेशन होतं."

"तीही स्पर्धेत आहे?"

"हो. म्हणून मला काय फायदा? मला तिन्ही सारख्याच. उलट हा खेळ मी हेड ऑफिसला दाखवलाय, ते बघायला येतायत."

"तिकीट?"

"काय?"

"घोडबंदरला कसा गेलास? बसने ना? तिकीट दाखव."

त्याने सगळे खिसे उलटे केले आणि बॅगेच्या तळातून पालिकेच्या बसचं चुरगळलेलं तिकीट काढलं. चार वाजून अडतीस मिनिटं, घोडबंदर. मी ते उजेडात धरून पाहिलं. फार दिवसांनी बरं वाटलं. घोडबंदरच्या बाईंना फोन करून विचारलं. पाच ते सहा तो तिथेच होता.

"वही मात्र शोधा, काका," जाताना तो म्हणाला. "परीक्षक आधी वहीच बघतात. वही आणि खेळ जुळले नाहीत तर एन्ट्री बाद."

अल्पेशचा कॉम्प्युटर क्लास शांती नगरात, आमच्या इमारतीच्या पलीकडेच. कोडिंग शिकवण्याची त्याची फी ऐकून मी मागेच एकदा चक्कर आल्यासारखा खाली बसलो होतो. शाळेत हेच फुकट मिळतंय म्हटल्यावर त्याच्या पोटात दुखणार, हे उघड होतं.

"काका, सच बोलतो," तो म्हणाला. "त्या मुलीला मी ऑफर दिली. फी नको बोललो. टॅलेंट छे एमां, खूप आहे तिच्यात. ती बोलली, नको, माझ्या बाई आहेत. बस, बात खतम."

"काल पाच वाजता?"

"इकडेच. चौदा मुलं होती, विचारा कोणाला पण. आणि मी ते बिघडवून काय करू? पेपरात आलं की खेळ बनवून मुलं हुशार होतात, तर माझ्याकडेच अ‍ॅडमिशन वाढतात ना."

"पंचेचाळीस मिनिटांचं काय आहे त्यात, तुला काही कल्पना?"

"भरतीचं आपल्याला काय समजत नाय, काका. पाणी येतं, पाणी जातं."

तिघेही तिकीट दाखवून उतरले. उरली एकटी नेत्रा. ममता मॅडमचं बरोबर निघालं, याचा मला मनापासून राग आला.

४

नेत्राची आजी हौसाबाई राईच्या जुन्या घरांत राहते. मी गेलो तेव्हा ओट्यावर जाळं दुरुस्त करत बसली होती. नात शाळेत अडकलीय हे तिला कळलं होतं, पण हात थांबले नव्हते.

"मावशी, पंचेचाळीस मिनिटांचा हिशोब काय आहे?"

"कसला मिंटा? पाऊन तास बोल." तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तू कुठला?"

"आधी लालबाग. आता शांती नगर."

"मंग तुला न्हाय म्हाइत. बघ. आज तिथ कंची, ती घ्याची. तिला पाऊननी गुनाचा. आठम आसली तं आठ पाऊन सा. सा वाजता भरती. ती कुठं? तिकडं, मुंबयला, दर्यावं. दर्यावं पानी भरला म्हंजे राईला भरला, आसा न्हाय. त्याला खाडीतून चालत याचा हाय ना? पाऊन तास लागतो त्याला. म्हंजे राईला पावनेसात."

"आणि हा पाऊण तास धरलाच नाही तर?"

"तं तू सा वाजता भरती समजून निघशील आनि चिकलात बसशील. आमचे सासऱ्यानी एक पावना आसाच बसवलेला. रातभर बसला." ती हसली, मग एकदम थांबली. "नेत्रीला ह्ये बोलाया लागली तवापासून म्हाइत हाय. ती न्हाय चुकाची."

"काल घरी आल्यावर काही बोलली?"

"इचारीत व्हती. आजी, पाऊन तास नक्की ना? मी बोललू, गो, तुजा आजा त्यावं जगला. मंग बोलली, पन आजी, आपल्यापेक्षा शिकलेल्या मानसानी सांगितला, न्हाय, तं? मी बोललू, कोन सांगतो? तं बोलली न्हाय. जेवली पन न्हाय."

मी ओट्यावरून उठलो तो तसाच उभा राहिलो. शिकलेलं माणूस.

५

घरी आलो. सुचेता अर्धी रजा टाकून आली होती आणि चहा ठेवून त्याकडे बघत होती. मी तिला सगळं सांगायला बसलो. मला मोठ्याने बोलल्याशिवाय विचार करता येत नाही.

"हे बघ. ज्याला खेळ मोडायचाच आहे, तो एक आकडा बदलून थांबत नाही, तो सगळं पुसून टाकतो. म्हणजे बदलणाऱ्याला मोडायचं नव्हतं. त्याला ते दुरुस्त करायचं होतं."

"बरं."

"खोलीत एकटी नेत्रा, आणि कुलपाची खूण तिलाच माहीत. म्हणजे हात तिचाच. पण तो पाऊण तास चूक आहे असं तिला कधीच वाटणार नाही. ते वाटायला खाडी माहीत नसलेलं डोकं लागतं. हात राईचा, डोकं बाहेरचं. मग आठवीतली मुलगी स्वतःच्या आजीचं सोडून कोणाचं ऐकेल?"

सुचेताने माझ्याकडे मान वळवली.

"आता वही. वही लपवली, कारण तीत काहीतरी दिसू नये असं आहे. ती रबराने घासत होती. चुरा लाल पडला. लाल शाई. ती पुसली जात नाही, म्हणून वहीच गायब झाली. तिला वाचवायचंय ते लाल शाईवालीला. सकाळी ती तुझ्याकडे बघत होती, सुचेता." मला विचारायला जड गेलं, पण विचारलं. "तू तिच्या वहीत काही दुरुस्ती केलीस?"

"मी?" ती म्हणाली. "बुधवारी नेत्राने वही दिली, बाई एकदा नजर टाका म्हणाली. गणिताच्या वह्यांवर ठेवली आणि पिशवीत भरली. गुरुवारी सगळ्या वह्या परत वाटल्या, तेव्हा तीही गेली. मला उघडायलाही झालं नाही. अहो, वर्षभरात मी लाल पेन हातात कुठे धरलंय? वह्या तर तुम्ही..."

चहा उतू गेला, तरी दोघांपैकी कोणीही गॅस बंद केला नाही.

बुधवारची संध्याकाळ मला स्पष्ट दिसली. तपकिरी कव्हर, गठ्ठ्यात वरच. मधलं एक पान: आठ गुणिले पाऊण बरोबर सहा, अधिक पाऊण, पावणेसात. मी जीभ टाळ्याला लावून 'च्च' केलं होतं. एकदा गुणलंय, मग परत मिळवतेस कशाला? 'अधिक पाऊण'वर आडवी रेघ मारली, बाजूला 'उत्तर ६' लिहिलं, खाली 'घाई नको', आणि त्याखाली 'सु.'

एकतीस वर्षं दुसऱ्यांची तिकिटं तपासली, आणि या गाडीत विनातिकीट मीच होतो. मला शरम वाटली. साधी, सरळ शरम वाटली.

६

संध्याकाळी आम्ही दोघं राईला गेलो. नेत्रा दारातच होती. सुचेताला पाहून उभी राहिली.

"नेत्रा, तुझ्या वहीतलं लाल बाईंनी नाही लिहिलं," मी म्हटलं. "मी लिहिलं. सही पण माझी. मला खाडीतलं काही कळत नाही, आणि मी वाचलंही नाही नीट."

ती आधी माझ्याकडे, मग सुचेताकडे बघत राहिली. मग रडायला लागली, आणि रडता रडता सगळं बाहेर आलं. लाल रेघ पाहून तिने आकडा बदलला, कारण बाईंचं लाल म्हणजे बरोबर आणि वही-खेळ जुळायला हवेत. होडी चालवून पाहिली तर रुतली. परत घालायला गेली तर वही आड आली. पाऊण तास घातला तर वहीत बाई चुकलेल्या दिसणार. घासून पाहिलं, पान फाटलं. तेवढ्यात काशीनाथ आला. रात्री आजीला विचारलं, आणि ठरवलं की सकाळी लवकर जाऊन आकडा परत घालायचा, वही हरवली म्हणायचं. पण सकाळी ती पोचायच्या आधीच मोठ्या बाईंनी उत्साहाने खेळ लावला होता.

"मंग सगल्यांसमोर कसा सांगू, बाई चुकल्या म्हनून?"

"बाई चुकल्या तर सांगायचं," सुचेता म्हणाली. "मैदानात मी 'थांब' विसरले की तू नाही का भिंतीवर जाऊन आपटायचीस? माझी चूक सगळ्यांना दिसायचीच ना? तसंच."

हौसाबाईने तांदळाचा डबा उघडला, हात कोपरापर्यंत आत घातला आणि वही काढून दिली. तिला ती केव्हा सापडली होती कोण जाणे.

मी खिशातलं लाल पेन नेत्राला दिलं. तिने माझी रेघ खोडली, फाटक्या कडेला 'अधिक पाऊण' परत लिहिलं, थोडा विचार केला आणि खाली लिहिलं, 'ने.'

शनिवारी सकाळी साडेसातला मी ममता मॅडमपुढे उभा राहिलो आणि सगळं सांगितलं, वह्या कोण तपासतं तेही. त्यांनी सुचेताकडे ज्या नजरेने पाहिलं ते मी इथे लिहीत नाही. सोमवारी लेखी खुलासा मागणार म्हणाल्या, आणि तो त्यांनी मागितलाही. मग त्यांनी कपाट उघडून यंत्र नेत्राच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "काल मी तुला नीट विचारलंच नाही. जा, घाल तुझा आकडा."

अकरा वाजता परीक्षकांपुढे होडी धक्क्याला लागली. एका परीक्षकाने वहीतलं ते पान बराच वेळ पाहिलं, मग खिशातून फोन काढला.

"बाळ, आजच्या भरतीची वेळ मी इथे बघतोय. तुझ्या खेळात ती पाऊण तास उशिरा आहे. असं का?"

सभागृहात मी सुचेताचा हात धरला. नेत्राने एकदा आमच्याकडे पाहिलं, पण आमची वाट पाहिली नाही.

"फोन राईला न्हाय ऱ्हात, सर," ती म्हणाली. "मी ऱ्हाते."

खोली आमच्या शाळेत राहिली. वह्या आता सुचेता स्वतः तपासते, आणि गठ्ठा मोठा असला की मी तिला फक्त बेरजा करून देतो. लाल पेन नेत्राकडेच आहे, मी ते परत मागितलं नाही. मला तिने पेन्सिल दिलीय, मागे रबर असलेली.